हातचं

संध्याकाळी दुकानातून घरी आले तर खिडकीला पडदा नव्हता. दिवा लावला आणि समोरच्या इमारतीतला बनियनमधला माणूस खिडकीत उभा राहून केळं खात थेट माझ्याकडे बघताना दिसला. मीही त्याच्याकडे पाहिलं. त्यानं केळं संपवलं, साल कुठं टाकावी याचा जरा विचार केला आणि ती हातात धरूनच आत गेला. मग मी खाली पाहिलं. पडदा आईच्या मांडीवर होता. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून जमिनीवर बसली होती. तिनं पडद्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या होत्या, तीन पट्ट्यांची टोकं डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि स्वतःच्याच पायाची वेणी घालावी तशी ती त्या वळत होती.

"आई, नवा पडदा होता तो."

"नवाच बरा. जुन्या कापडाला जोर नसतो."

"करतेयस काय पण?"

"पायपुसणं."

"दाराशी आहे की पायपुसणं."

"ते?" तिनं दाराकडे न बघताच विचारलं. "ते कुणी केलंय?"

"कुणी म्हणजे? केलं असेल कुठल्या तरी मशीननं."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि तिनं वेणीला पुढचा पीळ दिला.

मला राग यायला हवा होता. दिवसभर काउंटरमागे उभं राहून पाय सुजलेले, बसमध्ये कुणाची तरी छत्री सबंध वेळ बरगडीत टोचत होती, आणि घरी हे. पण राग आला नाही. त्या पट्ट्यांकडे बघता बघता मनात आलं की या वाकड्या झाल्यात; कात्री कशाला लावली, कडेला नखानं चीर देऊन फाडलं असतं तर कापड सुतासारखं सरळ फाटलं असतं. आणि हे मनात येताच माझी बोटं खरंच हलली. पर्स खांद्यावर, चपला पायात, आणि उजव्या हाताचा अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर घासत कापडाची कड शोधत होती. तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा मी हात मागे घेतला. अशा पट्ट्या मी लहानपणी एका दुपारी फाडल्या होत्या, ढीगभर. त्या दुपारी माझं फार कौतुक झालं होतं.

आमचं घर समुद्रावर होतं. जवळपास नव्हे, समुद्रावरच. मोठ्या भरतीला मागच्या पायरीपर्यंत फेस यायचा आणि आई त्यात पाय बुडवून भांडी घासायची. बाबा आधी शहरात नकाशे काढायच्या कचेरीत होते. मी शाळेत जायला लागण्याआधीच ते आणि आई ती नोकरी सोडून तिथं राहायला गेले, आपल्या हातांनी जगायचं म्हणून. आणि जगलेही. दार फुटलेल्या होडीच्या फळ्यांचं, फडताळ लाटांनी आणून टाकलेल्या लाकडांचं, त्यामुळे त्याचे दोन कप्पे एका पातळीत नव्हते आणि वाट्या सदा एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या. साबण घरचा, मेणबत्त्या घरच्या, मीठ कौलांच्या उतरणीवर परातींमधून वाळवलेलं. बाबांनी माग करून दिला होता, त्यावर आई पांघरुणं विणायची. सूत रंगवायला कांद्याची सालं, गंजलेले खिळे, झाडांच्या साली आणि नीळ. माझं दप्तर घरचं, चपला घरच्या, फणीसुद्धा. शाळेत पोरी ती फणी एकमेकींकडे फिरवत आणि हसत, आणि मग एखादी हळूच विचारायची, मला करून देतील का गं तुझे बाबा? सुटीच्या दिवशी शहरातून बाबांच्या ओळखीचे लोक यायचे. भिंतींवरून हात फिरवायचे, साबणाचा वास घ्यायचे, डोळे मिटून म्हणायचे, काय जगता हो तुम्ही, आम्ही नुसते दिवस ढकलतो. बाबा त्यांना सगळं दाखवत फिरायचे. आई चुलीपाशी असायची. एखादी बाई तिला विचारायचीच, कंटाळा नाही येत हो तुम्हाला? आई हसायची आणि त्या बाईच्या हातात ऊन पाव ठेवायची. मी आईच्या हातांकडे बघायची. साबणाच्या खारानं बोटांना चिरा गेलेल्या, नखांत रंग. हे सगळं बाबांचं खूळ आहे आणि त्यात भरडली जाते ती आई, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. लहान मुलं एकदा ठरवतात ते पक्कं ठरवतात. मोठेपणी मला ते पुन्हा तपासून बघावंसं कधी वाटलं नाही.

धाकटा त्या घरातच जन्मला. शाळेत घालायची वेळ येईपर्यंत सगळे त्याला धाकटाच म्हणणार होते, आणि ती वेळ आली नाही. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा पहिला शब्द 'ताई' होता, म्हणून घरात सगळेच मला ताई म्हणायला लागले, आईसुद्धा, बाबासुद्धा. पुढे ज्याची मी ताई होते तो राहिला नाही आणि नाव तेवढं राहिलं. औषधांच्या दुकानातही मला ताईच म्हणतात. गिऱ्हाईक काउंटरवर चिठ्ठी सरकवून म्हणतं, ताई, जरा लवकर द्या, पोराला ताप आहे. मी देते. इतकी लवकर देते की मालक म्हणतात, तुमच्या हाताला काय चाकं आहेत का?

धाकट्याच्या छातीत कफ भरला होता. याआधीही दोनदा-तीनदा भरला होता आणि आईच्या काढ्यानं, शेकानं उतरला होता. त्या दुपारी वारा इतका होता की बाबांनी समुद्राकडची खिडकी फळीनं बंद केली. खोलीत कापराच्या तेलाचा वास, चुलीवर मीठ तापत होतं, आई ते फडक्यात बांधून त्याच्या छातीला शेक देत होती, आणि मला काम दिलं होतं जुनी चादर फाडून पट्ट्या करायचं. मी कडेला चीर द्यायची आणि एका दमात फाडायची. सर्र आवाज व्हायचा. धाकटा त्या आवाजाला हसला, एकदाच. आई म्हणाली, "ताईच्या हाताला वळण आहे हं." बाबा मधेच उठले, दारापाशी गेले, त्यांनी बूट घातले. गावात डॉक्टर होता. लांब होता, पण होता. दारापाशी आई-बाबांचं काहीतरी बोलणं झालं, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. मग बाबा वाकले आणि त्यांनी नाड्या सोडल्या, बूट काढले, दाराशी जोडीनं ठेवले आणि येऊन चुलीत लाकूड सारलं. मला दिसलं ते एवढंच. सकाळी मला उठवलं नाही. मी आपली आपण उठले तेव्हा तो गेला होता आणि माझ्या सगळ्या पट्ट्या घडी करून फडताळात ठेवलेल्या होत्या.

बाबांनी बूट काढले, हे मी आयुष्यभर बघत आले. आपल्या हातांनी जगायचं या तत्त्वापायी एका माणसानं दारातून पाय मागे घेतला, असं मी समजले. नंतर त्यांनी करवत हातात धरली नाही ती कधीच नाही. जवळच्या बर्फाच्या कारखान्यात कारकुनी धरली, बाजारातून साबण आणायला लागले, आणि मला वाटलं, आता? आई मात्र करतच राहिली. विणायची, रंगवायची, पाव भाजायची, पूर्वीपेक्षा जास्तच. मी शिकायला शहरात आले तोवर बाबांशी माझं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. त्यांच्या शेवटच्या आजारात इथल्याच हॉस्पिटलात ते होते. मी रोज जायची, डोस तपासायची, नर्सशी भांडायची, पण त्यांचा हात हातात घेतला नाही. एकदा ते म्हणाले, "ताई, तू औषधांच्या लाइनीत गेलीस ते फार बरं केलंस." मी सलाइनचा वेग बघत राहिले. त्या बोलण्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते आजारी माणसाला देण्यासारखं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर त्या दुपारबद्दल आणखी एक गोष्ट होती, जी मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती, होता तोवर. मी त्या दुपारी सुखात होते. बाहेर वारा, आत ऊब, चौघं एका खोलीत, प्रत्येकाच्या हाताला काम, आणि माझ्या हाताला वळण आहे असं आई सगळ्यांदेखत म्हणालेली. त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही, इतकी घरची मी मला कुठल्याच घरात वाटले नाही. हे आठवलं की मला शिसारी येते, आणि शिसारी येऊनही ते जात नाही. म्हणून मी सगळं विकतचं आणते. म्हणून माझ्या घरात हातानं केलेली एकही वस्तू नव्हती, त्या संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई म्हणाली, "मला एकदा घरी नेऊन आण."

"हे काय आहे मग?"

"हे तुझं."

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच होती, आणि समुद्रावरचं ते घर रिकामं करायचंच होतं. समुद्र पुढे सरकत होता; मागच्या अंगणाची भिंत त्यानं नेली होती, पायरी नेली होती, आणि पुढच्या मोठ्या उधाणाला घर उभं राहील की नाही सांगता येत नाही, असं बर्फवाल्यानं फोनवर कळवलं होतं. हा बर्फवाला बाबांच्या हाताखाली कारखान्यात लागलेला. आता स्वतःचा टेम्पो होता, त्यातून होड्यांना बर्फ पोचवायचा. मी रजा टाकली. लागेल ते उचलायचं, बाकी सोडून द्यायचं, चार-आठ दिवसांत परत. स्टँडवर बर्फवाला न्यायला आला होता. आईला पुढे बसवत म्हणाला, "आजी, मागे बर्फावर बसता का? ताज्या राहाल." आई म्हणाली, "मी शिळीच बरी. बस मुकाट्यानं आणि चालव." मी खूप दिवसांनी तिला असं बोलताना ऐकलं.

घर उघडलं तर आत ओल आणि अंधार. दारं फुगलेली, मागावर कोळिष्टकं, फडताळात वाट्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. मी खोकी आणली होती. ती जोडून ठेवली, चिकटपट्टी काढली, आणि वळून पाहते तर आई मागापाशी उकिडवी बसून एकेक तार पुसत होती. म्हटलं, पुसू दे. संध्याकाळी तिनं चूल पेटवली. म्हटलं, नाहीतरी खायला काही लागेलच. दुसऱ्या दिवशी तिनं निळीचा डबा शोधून काढला आणि म्हणाली, "हा टाकायचा कसा? सूत आहे थोडं, रंगवून टाकू." पिंपात पाणी मी भरलं. सूत मीच बुडवलं. निळीतून सूत वर काढलं की ते आधी हिरवट असतं, मग हवेत धरता धरता आपल्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. हे मी विसरले होते. कोपरापर्यंत हात निळे झाले. आम्ही दोघी दोरीवर लडी टाकत होतो, खाली समुद्र, आणि आई म्हणाली, "झटक नीट, पाणी ठेवू नकोस त्यात," आणि मी झटकलं. हातांना सगळं ठाऊक होतं. किती झटकायचं, कुठं पिळायचं, लडीला गाठ कशी मारायची. मला काही आठवावं लागत नव्हतं आणि म्हणून, मला वाटतं, काही आठवतही नव्हतं.

ते दिवस चांगले होते. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं खोटं होईल. खोकी तशीच राहिली. मी सकाळी उठून किनाऱ्यावरून लाकडं गोळा करायची, ओली बाजूला, वाळकी चुलीला. एका वाकड्या फांदीला मी पावाचा चिमटा केला; तो इतका वाईट झाला की आई हसून हसून खाली बसली. मेण वितळवून शिंपल्यांत ओतलं. साबणाचं मिश्रण घोटताना हात भरून यायचे आणि मग ते एकदम घट्ट व्हायला लागायचं, काठीला ओढ जाणवायची, तेव्हा दोघींच्या तोंडून एकदम "आलं!" निघायचं. आई मागावर बसली की फणी ठोकण्याचा ठक ठक आवाज सुरू व्हायचा आणि मी त्या आवाजात दुपारी गाढ झोपायची. शहरात मी गोळी घेऊन झोपते. माझ्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. ते मी उघडलंही नाही. रजा वाढवायला हवी, असं मी मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आवाज वेगळाच येतोय तुमचा, बऱ्या आहात ना? मी म्हटलं, बरी आहे. आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ तशीच उभी राहिले, कारण ते खरं होतं. ज्या खोलीत तो गेला त्याच खोलीत मी बरी होते. चूल तीच, खिडकी तीच. एकदा वाटलं, बाबांना असंच झालं असेल. माणूस इतका बरा असतो की दारातून बाहेर पडायचं कारण त्याला सुचत नाही. या विचारापाशी मी थांबले असते, पण मेण तापलं होतं आणि ते ओतायला हवं होतं.

मग आई भिजली. सूत समुद्राच्या पाण्यात धुतलं की रंग पक्का बसतो असं तिचं म्हणणं. मी नको म्हणत असताना ती खडकांत उतरली आणि एका लाटेनं तिला कमरेपर्यंत भिजवलं. हसत वर आली. दोन दिवस खोकली, तिसऱ्या दिवशी मागावर बसली नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"आई, दवाखान्यात जाऊ."

"दवाखान्यात माणसं मरतात. तुझे बाबा नाही गेले?"

"बरं, तापाची गोळी घे मग. माझ्याजवळ आहे."

मी गोळी तिच्या तोंडात घातली. तिनं ती जिभेनं पुढे आणली, तळहातावर काढली आणि मला परत दिली, खडा लागावा तशी. "ताई, आलं किस. मिरी ठेच चार. मला तुझ्या हातचं दे काहीतरी. मला तुझ्या हातानं बरं वाटेल."

मी आलं किसलं. मी, जी गिऱ्हाइकांना सांगते की ताप अंगावर काढू नका, घरगुती करत बसू नका, मी मिरी ठेचली, पाणी ठेवलं, मीठ तापवलं, फडक्यात बांधलं. दुपार होती. उजेड पांढरा होता आणि वारा सुटला होता. मी शेक देत होते, काढा ढवळत होते, तेल कोमट करत होते, आणि माझ्या आत सगळं शांत होतं. हेच मला सांगायचंय. भीती नव्हती. काढ्याला उकळी आली की आच कमी करायची, फडकं थंड झालं की दुसरं घ्यायचं, कपाळावरची पट्टी उलटायची. एक झालं की दुसरं समोर हजर, आणि प्रत्येक गोष्ट माझ्या हातून नीट होत होती. हात चालत होते तोवर काहीतरी होतंय असं वाटत होतं. आई बरी होतेय असंही नाही, नुसतं होतंय. पट्टीला कापड संपलं तेव्हा मी चादर घेतली, कडेला नखानं चीर दिली आणि फाडली. सर्र. सरळ फाटली. मला बरं वाटलं.

तिच्या श्वासाला आवाज येत होता. मी नखं बघितली; आमच्या कामात नखं बघायला शिकतात. नखं निळी होती. पण ती निळी असणारच, आम्ही आठवडाभर निळीत हात घालत होतो. माझीही निळी होती. मी पट्टी बदलली. काढा गाळला. चमच्यानं तिच्या तोंडाशी नेला आणि मग माझं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. ओठ आम्ही रंगवले नव्हते.

चमचा कुठे पडला माहीत नाही. मी अनवाणी धावले. वाळूतून, मग खडीवरून रस्त्यावर, आणि बर्फवाल्याला फोन लावला, तो जवळच्याच धक्क्यावर होता, आणि तो येईपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं काहीतरी बोलत होते, शिव्या असाव्यात. तो आला, आम्ही आत गेलो. आईनं मागाचा खांब दोन्ही हातांनी धरला. "नाही जायचं मला. ताई, तुला शपथ आहे माझी." मी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांत एवढी ताकद होती की मला तिला दुखवावं लागलं. मग तिला उचललं. काहीच वजन नव्हतं. दार लोटायचंही सुचलं नाही.

टेम्पोत ती माझ्या मांडीवर आडवी होती. मागे बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटत होत्या आणि पाणी गळून रस्त्यावर पट्टा पडत होता. बर्फवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. वाटेत कुठेतरी आईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, पण मला बघितलं नाही.

"अहो," ती म्हणाली. असं ती एकाच माणसाला म्हणायची. "अहो, काढा ते बूट."

मी तिचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"कुठे निघालात त्याला घेऊन? एवढ्या वाऱ्यात? वाटेतच मरेल तो." ती धापा टाकत होती, पण आवाज तिच्या तरुणपणचा होता, चिडका, लाडका. "मागच्या खेपेला नाही का झाला बरा? माझ्या हातचं घेऊनच झाला ना? डॉक्टर काय करणारे निराळं? की माझ्यावर भरवसाच नाही तुमचा? सांगा ना, भरवसा नाही? मग बूट काढा. माझी शपथ आहे. काढा."

"काय म्हणतायत आजी?" बर्फवाल्यानं विचारलं.

"बूट काढायला सांगतेय."

"मग काढा की त्यांचे. पाय आखडले असतील."

तिच्या पायांत काही नव्हतं. पावलं गार पडली होती; ती मी हातांत धरली आणि हॉस्पिटल येईपर्यंत सोडली नाहीत.

त्यांनी तिला वाचवलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, तीच जी मी रोज डब्यांतून काढून काउंटरवर ठेवते. डॉक्टर, वयानं माझ्या अर्ध्या, म्हणाल्या, "थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. घरी काय करत होता?" मी म्हटलं, काढा. त्यांनी माझ्या निळ्या हातांकडे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून मी बाबांना आठवत राहिले. आधी ते दिसेनात. इतकी वर्षं मी त्यांना फक्त वाकलेलं पाहिलं होतं, बुटांवर वाकलेलं. त्यांचा चेहरा त्यात नव्हता. तो आता हळूहळू यायला लागला. बर्फाच्या कारखान्यातून येताना बाजारातला साबण पिशवीत लपवून आणणारे बाबा. मी सुटीत घरी आले की स्टँडवर तासभर आधी येऊन उभे राहणारे, आणि मी "रिक्षा केली असती की" म्हटलं की "हो, ते खरंच" म्हणणारे. त्यांनी एकदा सांगितलं असतं तर. एकच वाक्य. मी त्यांना जे काही समजत होते ते त्यांना कळत होतं, कळल्याशिवाय कसं राहील, आणि त्यांनी ते माझ्याकडून तसंच घेतलं, वर्षानुवर्षं, म्हणजे मी ते दुसऱ्या कुणाला देऊ नये. औषधांच्या लाइनीत गेलीस ते बरं केलंस, असं ते म्हणाले होते. आता माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायला माणूस नव्हता. मला रडायला आलं नाही. बाकाची कड नखानं खरवडत राहिले, शेवटी एक आया म्हणाली, बाई, रंग निघतोय.

बऱ्याच दिवसांनी आईची नळी काढली. बर्फवाला येऊन गेला होता, दारातच उभा राहून त्यानं मला सांगितलं की उधाण येऊन गेलं, समुद्राकडची खोली गेली, माग गेला, बाकी उभं आहे पण आत जाण्यासारखं नाही. मी आईला सांगितलं नाही. तिनंही घराचं विचारलं नाही. ती उशीला टेकून बसली होती, हात चादरीवर उताणे पडलेले. नखांतली नीळ वाढून टोकाशी आली होती. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"ताई."

"हं."

"तू मला उचलून आणलंस."

"हो."

"मी नको म्हणत होते तरी."

"हो."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. आईनं त्या सगळ्या ऐकल्या असाव्यात. मग तिनं विचारलं, "मी तापात काही बोलले का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही बोललीस. झोपून होतीस."

तिनं मान हलवली. डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"तुझे बाबाही असंच म्हणायचे," ती म्हणाली, डोळे न उघडता. "मी विचारलं ना, की त्या दुपारी मी तुम्हाला दारात अडवलं का हो, तर दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आणि म्हातारे झाल्यावरही तेच. नाही गं, तू कुठे काय बोललीस, म्हणायचे. मीच थांबलो."

मी उठून तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आधीपासूनच सारखी होती.